पडला की पाडला?

पाण्यात गेलेल्या मोबाइलचा क्लेम नामंजूर झाला की माणूस आधी दुकानदाराला शिव्या घालतो, मग विमा कंपनीला, मग फोन बनवणाऱ्याला आणि घरात ऐकायला कुणी उरलं नसेल तर शेवटी पावसाला. व्याकरणाला मात्र कुणी शिव्या घालत नाही. वास्तविक या भांडणाचं मूळ शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकात आहे. मराठी घरात फोन कुणी पाडत नाही, तो पडतो. दूध उतू जातं, कप फुटतो, चहा सांडतो, किल्ली हरवते, गाडी चुकते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. ही सगळी कामं वस्तू आपली आपण करतात. आपण नुसते शेजारी उभे असतो. कुणी फारच खोदून विचारलं तर 'माझ्याकडून पडला' इतपत कबुली मिळते, आणि त्या 'कडून'मध्येही सूर असा असतो की पाडणारा तिसराच कुणी होता, त्याने तेवढ्यापुरता माझा हात उसना घेतला होता. या अकर्मक क्रियापदांवर आपले संसार आजवर टिकून आहेत. क्लेमचा फॉर्म मात्र पक्का सकर्मक. त्याला कर्ता हवा, कर्म हवं, वेळ हवी, ठिकाण हवं. आणि एकदा कर्ता हाती लागला की त्याच्या कपाळावर 'निष्काळजीपणा' असा शिक्का मारून फाइल मिटता येते. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय क्लेम पुढे सरकत नाही, त्याच उत्तराने तो मरतो.

मुळात भाषेचा घोटाळा फोन विकत घेतानाच सुरू झालेला असतो. वॉरंटी म्हणजे बनवणाऱ्याच्या हातून राहिलेल्या खोटीची हमी. एक्सटेंडेड वॉरंटी म्हणजे तीच हमी आणखी वर्षभर. दोन्हीकडे पाण्याचा थेंबभरही संबंध नाही, कारण फोन बादलीत जाणं ही कारखान्यातली खोट नव्हे. फोन फुटला, भिजला तर भरपाई देणारी योजना निराळी असते, तिची किंमत निराळी आणि तिच्या अटी तर फारच निराळ्या. पण दुकानात या सगळ्यांचं मिळून एकच नाव असतं, 'प्लॅन'. तो विचारण्याची वेळही अशी साधलेली असते की दाद द्यावी. काउंटरवरचा मुलगा नव्या फोनवर काच चिकटवत असतो. आधी ओला रुमाल, मग कोरडा, मग चिकटपट्टीने टिपून घेतलेला एकच एक धूलिकण. सारं कुटुंब श्वास रोखून त्या काचेखालचा बुडबुडा कडेकडे सरकताना बघत असतं. नेमक्या त्या क्षणी, मान वर न करता, तो विचारतो, "प्लॅन टाकू ना काका?" ऑपरेशन टेबलावरच्या माणसाने भुलीच्या औषधाबद्दल घासाघीस करावी तसं वाटून कुणी नाही म्हणत नाही. एखादा चिकित्सक काका विचारतोच, "यात पाणी येतं का?"

"सगळं येतं."

आता 'सगळं' या शब्दाची मराठीतली व्याप्ती बघा. 'लग्नाला सगळे आले होते' असं सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही, पुण्याची आत्या आली नव्हती हे पक्कं ठाऊक असतं. पाणी ही बहुतेक प्लॅनमधली न आलेली आत्या आहे. यावर एक रास्त आक्षेप येतो, की कागद वाचायला कुणी मनाई केली होती? कुणीच नाही. फक्त तो कागद पैसे भरल्यावर ईमेलने येतो, इंग्रजीत येतो आणि ज्या फोनवर तो वाचायचा त्याच फोनच्या भवितव्याविषयी असतो. शिवाय नव्या फोनच्या आनंदात त्याच्या मृत्यूची कलमं वाचत बसणं म्हणजे बारशाला आलेल्या पाहुण्याने वारसाहक्काची चौकशी करण्यासारखं आहे. गावागावांत मुंगीएवढ्या अक्षरातला पंचांगाचा कोपरा वाचून मुहूर्त काढणारी माणसं आहेत. पण 'मला मान्य आहे' या चौकोनापुढे आपल्याइतकं समजूतदार राष्ट्र दुसरं नसेल.

तरीही समजा एखाद्याने खरोखरच 'लिक्विड डॅमेज'वाला प्लॅन घेतला आणि कागदही वाचला. मग त्याला कळतं की या कागदाला पाणी चालतं, पण विशिष्ट स्वभावाचं. ते अचानक आलेलं हवं, अपघाताने आलेलं हवं, बाहेरून आलेलं हवं. ते निष्काळजीपणाने येऊ नये, मुद्दाम येऊ नये आणि हळूहळू मुरलेलं असू नये. काही कागदांत नैसर्गिक आपत्तीचं पाणीही बाहेर ठेवलेलं असतं. ही चाळणी आपल्याकडच्या पाण्याला लावून बघा. जुलैत मुंबईत पाऊस येणं अचानक म्हणता येत नाही. तो येणार हे माहीत असून फोन शर्टाच्या खिशात ठेवला, तेव्हा निष्काळजीपणा. बरं, पाऊस कुणाच्या कल्पनेपलीकडचा असला, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तसा, तर ती आपत्ती. म्हणजे पाऊस थोडा पडला तर चूक तुमची, फार पडला तर देवाची. कंपनीच्या वाट्याचा पाऊस मधल्या कुठल्या तरी मिलिमीटरमध्ये पडतो आणि तो हवामान खात्यालाही मोजता आलेला नाही. रंगपंचमीचं पाणी मुद्दाम उडवलेलं. अलिबागच्या किनाऱ्यावर लाट अंगावर घेत सेल्फी काढला, तर तिथे फोन पाण्याकडे गेला की पाणी फोनकडे, हा वाद. कोकणातल्या घरातली ओल ही मुरलेली. राहता राहिला बैठकीच्या खोलीत, टेबलाच्या मधोमध ठेवलेला, कुणीही हात न लावता आपण होऊन कलंडलेला एक पेला. असे पेले असतात. पण ते घरात असणारी माणसं फोनच्या क्लेमपेक्षा मांत्रिकाच्या नंबराच्या शोधात असतात.

आणि या यादीत खरं ठिकाण आलेलंच नाही. संडासात फोन घेऊन जाणं ही आता जगन्मान्य सवय आहे, मागच्या खिशातून तो कुठे घसरतो हेही सर्वांना माहीत आहे, पण 'घटनेचे ठिकाण' या रकान्यात ते लिहिण्याची छाती कुणाची होत नाही. सभ्य माणूस तिथे 'पावसात भिजला' असं लिहितो. लिहिताना त्याच्या लक्षात येत नाही की महिना मे आहे, गाव चंद्रपूर आहे आणि बाहेर पारा ४५ अंशांवर आहे. कंपनी हवामानाची नोंद काढते. एका लज्जेपायी खरा अपघात खोटा ठरतो. कंपन्यांनी त्या रकान्यात 'न सांगण्यासारखे ठिकाण' असा एक पर्याय ठेवला, तर खरं बोलण्याचं प्रमाण लगेच वाढेल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

इथे तंत्रज्ञानप्रेमी मंडळी पुढे सरसावतात. त्यांचं म्हणणं, हा सगळा जुना काळ झाला; आताचे फोन आयपी ६८ असतात, त्यांना पाण्याचं भय नाही. हे अंक आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातले. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा अंक ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. ८ असेल तर त्याहून कडक परीक्षा, तीही बनवणाऱ्याने स्वतः ठरवलेली. स्वतःच प्रश्नपत्रिका काढून स्वतःच पास होण्याची ही सोय दहावीच्या मुलांना मिळाली असती तर क्लासवाल्यांवर उपासमारीची वेळ आली असती. शिवाय परीक्षेचं पाणी शांत, स्वच्छ आणि गोडं. फोन कोरा करकरीत. आपल्या फोनला भेटणारं पाणी साबणाचं, क्लोरीनचं, समुद्राचं किंवा बादलीत पांढरा थर धरणाऱ्या क्षारांच्या बोअरचं. आणि फोन दोनदा जिन्यावरून गडगडून कडेची फट मोकळी झालेला. गंमत पुढेच आहे. जाहिरातीत फोन पाण्यात पोहतो आणि त्याच फोनच्या वॉरंटीत द्रवाने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. ही विसंगती केवळ चिडक्या ग्राहकांना दिसते असं नाही. इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०२० मध्ये याच मुद्द्यावर ॲपलला एक कोटी युरो दंड ठोकला. पाण्यातल्या खोलीचे दावे प्रयोगशाळेतल्या स्थिर, शुद्ध पाण्यापुरतेच खरे होते, आणि वर वॉरंटीत पाण्यावर काट मारलेली होती. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले, कारण जाहिरातींतले फोन जलतरण तलावात आणि समुद्रात मजेत डुंबत होते, आणि तसं डुंबून आलेला ओला फोन चार्जिंगला लावला तर त्याचं चार्जिंगचं तोंड गंजू शकत होतं. थोडक्यात, फोन पोहू शकतो. फक्त बुडाला तर पाण्यामुळे बुडाला असं म्हणायचं नाही.

मग पाणी आत गेलं की नाही हे ठरवतं कोण? त्यासाठी फोनच्या पोटात एक फितूर साक्षीदार बसवलेला असतो. सिमकार्डाच्या खाचेत टॉर्च मारून बघितलं तर एक इवलासा पांढरा ठिपका दिसतो. त्याला पाणी लागलं की तो लाल होतो. सर्व्हिस सेंटरवाला टोकन नंबर पुकारतो, फोन घेतो, खाचेत डोकावतो आणि साप चावल्याची खूण दाखवावी तसा तो ठिपका दाखवतो. पुढे सगळा संवाद एकतर्फी. "पाणी गेलंय." "पण फोन पाण्यात पडलाच नाही." "ठिपका लाल आहे." माणसाच्या शब्दापेक्षा ठिपक्याचा शब्द मोठा. या साक्षीदाराची उलटतपासणी अमेरिकेत झालेली आहे. तिथल्या ग्राहकांनी आयफोन आणि आयपॉडच्या अशाच ठिपक्यांवरून सामूहिक दावा लावला होता, आणि २०१३ मध्ये ॲपलने चूक मान्य न करता ५ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड केली. त्या पट्ट्या बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीकडूनच असं सांगण्यात आलं होतं, की पाणी न लागता नुसत्या दमट हवेनेही रंग बदलायला सुरुवात होऊ शकते. आता ज्या रत्नागिरीत श्रावणात पापड डब्यात मऊ पडतो, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही आणि दाराचं लाकूड फुगून कडी लागत नाही, तिथे एका ठिपक्याने चार महिने पांढरंशुभ्र राहावं अशी अपेक्षा करणं हा त्या ठिपक्यावरही अन्याय आहे.

फोन भिजल्यानंतर आपण जे करतो, त्याने बाजू आणखी पातळ होते हेही मान्य करायला हवं. नुसतं पाणी फोनला लगेच मारत नाही. पाण्यातले क्षार आणि वाहती वीज एकत्र आली की आतलं बोर्ड जळतं, गंजतं. म्हणून फोन तत्काळ बंद करावा, असं सगळे जाणकार सांगतात. आपण पहिलं काय करतो? चालू होतो का ते बघतो. झालाच, तर दुसऱ्या फोनवरून त्याला रिंग देऊन बघतो. वाजला, की 'वाजतोय, वाजतोय' म्हणून घरभर आनंद होतो, आणि त्या आनंदातच तो शेवटचं वाजतो. मग तांदळाचा डबा उघडतो. इथेही घराण्याची शान आड येते. एवढ्या महागाच्या फोनला रेशनचा तांदूळ कसा चालेल, म्हणून त्याला आंबेमोहोरात पुरतात. ॲपलने २०२४ मध्ये लेखी सल्ला दिला की फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन आणखी नुकसान होऊ शकतं. पण ज्या घरात आंबे तांदळात पिकतात, तिथे फोन तांदळात सुधारणार नाही हे पटवायला कंपनीला अजून दोन पिढ्या लागतील. सर्व्हिस सेंटरमध्ये चार्जिंगच्या तोंडातून तांदळाची कणी निघते आणि तंत्रज्ञ जॉबशीटवर लिहितो, 'बाह्य पदार्थ आढळला.' आजीची माया तिथे 'बाह्य पदार्थ' होते.

यानंतर क्लेमची कागदपत्रं. ओळख पटवायला ओटीपी येतो. तो त्याच नंबरावर, म्हणजे तांदळात, येतो. बिघडलेल्या फोनचा फोटो अपलोड करायचा असतो. तो कशाने काढायचा हे लिहिलेलं नसतं, म्हणून शेजारच्या वहिनींचा फोन मागावा लागतो आणि त्या निमित्ताने सगळ्या मजल्याला बातमी कळते. फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक लागतो. तो फोनवरच बघता येतो, नाहीतर खोक्यावर. मराठी घराच्या माळ्यावर बंद पडलेल्या मिक्सरचं खोकं असतं, विकलेल्या टीव्हीचं खोकं असतं, १९९८ च्या इस्त्रीचं थर्माकोलसकट असतं. फक्त या फोनचं खोकं कुणीतरी मागच्याच दिवाळीत टाकून दिलेलं असतं. 'टाकलं गेलं' म्हणूया. राहिलं बिल. ते उष्णतेने छापणाऱ्या गुळगुळीत कागदावर असतं आणि जपून, पाकिटात, देवाच्या फोटोमागे ठेवलेलं असतं. बाहेर काढावं तर त्यावर काहीही नसतं. अक्षरं उडालेली. वर्षभर ज्याची राखण केली तो निव्वळ पांढरा, निर्मळ कागद.

आता कंपनीची बाजू. ती ऐकल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही, आणि ती अगदी पोकळही नाही. ग्राहक काही संत नसतात. नवं मॉडेल बाजारात आलं की जुन्या फोनला अचानक पाण्याची ओढ लागते, प्लॅन संपायच्या आठवड्यात तो बादलीच्या काठाने चालू लागतो, ही गोष्ट कुणालाही पटण्यासारखी आहे. सगळ्यांना डोळे झाकून पैसे दिले तर उद्या प्लॅनची किंमत फोनएवढी होईल आणि प्रामाणिक माणूसच भरडला जाईल, असं कंपनी म्हणते. तर्क बिनचूक आहे. पण तो कुणाला लागू पडतो ते बघा. जो फोन मुद्दाम बुडवतो, त्याने फॉर्म आधी वाचलेला असतो. त्याचं वाक्य कसं असतं? 'दिनांक अमुक रोजी सायंकाळी ७ वाजून १० मिनिटांनी जेवणाच्या टेबलावरील पाण्याचा पेला मांजराच्या धक्क्याने अचानक कलंडून...' कर्ता मांजर, कारण धक्का, पाणी बाहेरचं, वेळ मिनिटासकट. चाळणीच्या प्रत्येक भोकातून नेमकं जाणारं हे वाक्य. उलट ज्याचा फोन खरोखर पडला, तो लिहितो, 'बहुतेक काल रात्री असेल, नक्की लक्षात नाही, भांडी घासताना ओट्यावर होता, मग बघतो तर ओला.' 'बहुतेक'वर कंपनी बोट ठेवते. 'नक्की लक्षात नाही'वर दुसरं बोट. 'भांडी घासताना' म्हणजे पाण्याजवळ, तेव्हा निष्काळजीपणा. अपघाताची खूणच ही की तो घडताना कुणी घड्याळ बघत नसतं. तेव्हा खोटं पकडायला लावलेल्या जाळ्यात खरंच अडकतं, आणि खोटं आपल्या मांजरासकट पलीकडे जातं.

यावर शेवटचा सल्ला असतो, ग्राहक आयोगात जा. सल्ला खोटा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो, फोन असेल तर. विम्याच्या कराराचं कलम दोन अर्थांचं असेल तर ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचं, हे तत्त्वही आपल्या न्यायालयांनी मानलेलं आहे. म्हणजे कागद जितका गुळमुळीत, तितकी ग्राहकाला आशा. जे जातात त्यांना पैसे मिळाल्याची उदाहरणं आहेत. पण आपला माणूस हिशेबी. पंधरा हजारांचा फोन, त्यातून वापराची घट वजा, त्यातून ग्राहकाने सोसायची रक्कम वजा. उरल्या पैशासाठी तारखेच्या दिवशी रजा टाकायची, तर रजेचे पैसे निराळे वजा. तो आयोगात जात नाही. तो हेल्पलाइनवर भांडतो, कारण ते घरबसल्या होतं आणि पलीकडून 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' असं दर दोन मिनिटांनी कुणीतरी म्हणतं. संसारात एवढंही कुणी म्हणत नाही.

आणि तिथेच, सगळ्यात शेवटी, व्याकरण परत भेटतं. पंधरा दिवस ग्राहकाला कर्ता विचारून भंडावणाऱ्या कंपनीचं पत्र येतं ते असं: 'आपला क्लेम नामंजूर करण्यात आला आहे.' कुणी केला ते नाही. ग्राहक हेल्पलाइनला फोन लावतो. अर्थात वहिनींच्या फोनवरून.

"माझा क्लेम कुणी नाकारला?"

"सर, कुणी नाकारला नाहीये."

"मग?"

"तो सिस्टीममधूनच रिजेक्ट झालाय."